फुरसुंगीचा पोट्टा

मारेगावात चारचौघांत पुस्तक उघडून बसणं हे धाडसाचं काम आहे. एसटी स्टँडच्या बाकावर दोन तास मोबाइलवर बोटं फिरवत बसा, कोणी काही विचारणार नाही. पण पिशवीतून पुस्तक काढलं, की शेजारचा अनोळखी गृहस्थ मान तिरपी करून आधी मुखपृष्ठ वाचतो, मग आपला चेहरा वाचतो आणि काळजीच्या सुरात विचारतो, "कायची परीक्षा हाय जी?" परीक्षा नाही म्हटलं तर त्याची काळजी वाढते. "मंग कायले वाचून राहिले?"

'आवडतं म्हणून' हे उत्तर मी देऊन पाहिलं आहे. ते ऐकून गृहस्थ थोडा सरकून बसतो आणि पाकीट या खिशातून त्या खिशात टाकतो. म्हणून मी हल्ली 'तलाठी भरती' असं सांगतो. माझं वय आणि डोक्यावरच्या केसांची परिस्थिती पाहता यावर कोणीतरी आक्षेप घ्यायला हवा, पण नाही. उलट "हिंमत नका सोडू, जागा निघतेच कवा ना कवा," असा धीर मिळतो. एकाने तर मला चालू घडामोडींचं पुस्तक कोणत्या प्रकाशनाचं घ्यावं तेही सांगितलं.

वाचनालयांनीही काळ ओळखला आहे. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, थोडंफार अनुदान मिळू लागलं, आणि तालुक्यातालुक्यांत कपाटं उभी राहिली. आता त्या कपाटांना भिंतीकडे ढकलून मधल्या जागेत अभ्यासिका निघाल्या आहेत. बाहेरगावचा पाहुणा दारातून डोकावतो, तीस-चाळीस पोरं माना खाली घालून बसलेली पाहतो आणि गहिवरतो. जवळ गेलं की कळतं, एक जण 'टिपेश्वर अभयारण्य कोणत्या जिल्ह्यात आहे' हे पाठ करून राहिला आहे. तो यवतमाळ जिल्ह्यातच जन्मला, वाढला आणि भरतीसाठी धावलाही. पण पर्याय चार असल्यामुळे त्याला खात्री वाटत नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांच्या कपाटाला काच आहे. तिच्यात पाहून पोरं भांग पाडतात. फडक्यांच्या नायकांनी जन्मभर जे केलं तेच त्यांच्या पुस्तकांसमोर चालू आहे, तेव्हा तिथे तक्रारीला जागा नाही.

तरीही आमच्याकडे वाचणारी माणसं आहेत. एक कृषी केंद्रवाले आहेत. त्यांच्या दुकानात तूर आणि पऱ्हाटीच्या बियाण्यांच्या थैल्यांमागे पुस्तकांची एक रांग असते, आणि गिऱ्हाइकाने युरियाचा भाव विचारला तर उत्तर यायला एक परिच्छेद लागतो. एक निवृत्त कंडक्टर आहेत. त्यांनी तिकिटाच्या ट्रेखाली पुस्तक ठेवून अख्खी नोकरी काढली. एक अंगणवाडीतल्या बाई आहेत. त्या रात्री वाचतात आणि लाइट गेली की महावितरणला फोन करून 'पेशंट आहे' असं सांगतात.

या मंडळींना व्यासपीठावर बोलावून 'आपल्याला वाचनाची गोडी कोणी लावली?' असं विचारलं, की उत्तरं ठरलेली. कोणी ज्ञानेश्वरीचं नाव घेतो, कोणी तुकारामाच्या गाथेचं. कंडक्टरांनी एकदा डोळे मिटून साने गुरुजींचं नाव घेतलं आणि टाळ्या घेतल्या. पण कार्यक्रम संपल्यावर पानठेल्यावर उभं राहून, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, त्यांना पुन्हा विचारा. कंडक्टर सुपारी गालात सरकवतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "आता तुमाले खरं सांगू काय... फास्टर फेणे."

ज्ञानेश्वरी घरात होतीच. ती देवघरात, तांबड्या कापडात बांधलेली. तिला हात लावायचा तर आंघोळ करावी लागे, आणि दहा वर्षांच्या पोराला आंघोळीची अट घालणारा ग्रंथ पहिल्याच फेरीत बाद होतो. 'श्यामची आई' शाळेत होती. ते वाचून रडणं बंधनकारक होतं. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर बाई त्याच्याकडे अशा पाहत, की पुढे मोठेपणी त्याचं नाव पेपरात कोणत्या पानावर येणार हे त्यांना दिसून राहिलं आहे. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांना मात्र आंघोळ लागत नव्हती, रडू लागत नव्हतं आणि शेवटी प्रश्नोत्तरं नव्हती.

भास्कर रामचंद्र भागवत १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातला बराच काळ दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या संगतीत. त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहायच्या. घरातले दोघंही बालसाहित्यिक असल्यावर 'आता जरा मोठे व्हा' असं त्या घरात कोण कोणाला म्हणत असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे.

त्यांचा फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. अंगाने काडी, पायाखाली सायकल, डोक्यात नसती उठाठेव आणि तोंडात 'ट्टॉक'. हा ट्टॉक म्हणजे जीभ टाळूला लावून काढायचा आवाज. पुस्तकात तो छापलेला असल्यामुळे नेमका कसा काढायचा यावर आमच्या वर्गात दोन तट होते. दोन्ही तटांचा सराव गणिताच्या तासाला चाले. गुरुजी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून ट्टॉक. गुरुजी भाविक. त्यांना वाटे वर पाल चुकचुकून राहिली. ते हातातला खडू खाली ठेवत, बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करत, 'कृष्ण कृष्ण' म्हणत आणि मग उदाहरण पुढे सोडवत. त्रैराशिकाच्या एका उदाहरणात एकदा सात वेळा कृष्ण आला आणि उत्तर तरीही चुकलं.

मारेगावातल्या पोरांनी या बन्याला आपला का मानलं? मारेगावापासून पुणं सहाशेहून जास्त किलोमीटर. हैदराबाद त्याहून कितीतरी जवळ. करंजीला जाऊन हमरस्त्याला लागलं की खाली सरळ तेलंगणच. पुण्याला आमचं असं कोणी नव्हतं. दुसऱ्या गोष्टींच्या पुस्तकांतली मुलं शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळायची, त्यांची मावशी दादरला राहायची आणि सुट्टीत ती कोकणात जायची. आमची मावशी राळेगावला राहायची आणि सुट्टीत आम्ही तिच्याकडे कापसाच्या गंजीवर उड्या मारायला जात असू. कोकण म्हणजे नकाशातली एक बारीक पट्टी. तिच्यात इतक्या मुलांचे इतके मामा मावतात कसे, याचंच आम्हाला नवल.

बन्या मात्र फुरसुंगीचा. फुरसुंगी! पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आला होता, पण होता गावचाच. आणि गावाचं नावही असं की मार्डी, कुंभा, बोटोणी यांच्या ओळीत निमूट बसावं. आमच्या स्टँडवर एखाद्या कंडक्टरने "मार्डी, कुंभा, फुरसुंगी, चला बसा" अशी हाळी दिली असती तरी कोणी वळून पाहिलं नसतं; चार बाया टोपल्या घेऊन चढल्या असत्या. आमच्या वर्गातल्या एकाने तर फुरसुंगी बोटोणीच्या पुढे आहे, तिथे आपली आत्या दिली आहे आणि बन्याचा बाप तिचा घरमालक आहे असं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्याला पुढे वर्षभर शेंगदाण्यांचा वाटा जास्त मिळाला.

गावचा, किडकिडीत आणि शहरातल्या शाळेत नवखा असा पोट्टा बदमाशांना पळवून लावतो, एवढी एकच बातमी भागवतांनी आम्हाला दिली. पण ती देताना त्यांनी 'बालमित्रांनो, यावरून काय शिकाल?' असं विचारलं नाही. त्या काळात मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाने हा मोह आवरणं म्हणजे लग्नातल्या पंगतीत जिलेबी परत पाठवण्यासारखं आहे. माझ्या मते भागवतांचं खरं मोठेपण तिथेच आहे. साहस वगैरे नंतर.

पुण्याबद्दल मात्र आमची समजूत पुरती वेगळी होऊन बसली. तिथे वाड्यावाड्यांत भुयारं आहेत, काळा चष्मा लावणारा प्रत्येक माणूस संशयित आहे आणि सायकल असलेल्या पोराला अभ्यासाला वेळच मिळत नाही, याबद्दल आम्हाला शंका नव्हती. आमच्यातला एक जण बारावीनंतर पुण्याला शिकायला गेला. सहा महिन्यांनी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "कोणी कोणाले पळवत नाही बे तिथं. दुपारी एक ते चार तर बदमाशबी झोपत असतीन." फुरसुंगीलाही तो जाऊन आला. तिथे त्याने 'फेणे कुठे राहतात' असं विचारलं नाही, एवढी अक्कल त्याला तोवर आली होती. पण मान वळवून घरं पाहिली, असं त्याने कबूल केलं. पुढच्या काळात फुरसुंगीचं नाव पेपरात सारखं येऊ लागलं ते पुण्याच्या कचरा डेपोवरून झालेल्या आंदोलनांमुळे. ते वाचून मारेगावात आम्ही काही माणसं अस्वस्थ झालो. पुण्यातल्या माणसांपेक्षा जास्त, अशी माझी समजूत आहे.

वाचनालयातल्या पुस्तकांची एक गंमत होती. शेवटची पानं नसायची. एका फास्टर फेणेचं तर शेवटचं प्रकरणच गायब होतं. बदमाशांनी बन्याला कोंडलेलं, बाहेर गाडीचा आवाज आलेला, दार करकरतं आणि पुढे थेट पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तारखांचा कागद. पानं कोणी फाडली याचा तपास लागला नाही. बाजारात फल्लीच्या पुड्या विकणाऱ्यावर संशय होता आणि काही दिवस आम्ही त्याच्याकडूनच फल्ली घेऊन पुड्या उलगडून पाहत होतो. त्यात त्याचा धंदा वाढला, शेवट सापडला नाही.

मग गावात त्या गोष्टीचे तीन शेवट तयार झाले. जिनिंगमध्ये बाप कामाला असलेल्या पोराच्या शेवटात बन्या खिडकीतून उडी मारतो ती सरळ सरकीच्या ढिगावर, आणि बदमाश गठाणींमध्ये दाबले जातात. मेडिकलवाल्याच्या पोराच्या शेवटात बेशुद्धीचं औषध होतं, मात्रेसकट. तिसरा शेवट पोलीस शिपायाच्या पोराचा. त्यात पोलीस येतात, एवढंच. पण आल्यावर ते पंचनामा करतात. पंच कोण, त्यांची वयं काय, जप्त केलेल्या सायकलचा रंग, घंटी आहे की नाही, हे सगळं तो हात मागे बांधून सांगे. त्याच्या शेवटाला अर्धा तास लागायचा आणि त्यालाच सगळ्यांत जास्त मान होता. वाचायचं सोडून ऐकायला येणारी पोरंही पुढे वाचनालयात दिसू लागली, कारण पंचनाम्याआधी काय घडलं ते त्यांना कळायला हवं होतं.

जी पुस्तकं पूर्ण होती त्यांच्यावर वेगळं संकट. आधी वाचून गेलेल्याने पेन्सिलीने मजकूर घातलेला असायचा. नवव्या पानावर समासात, वळणदार अक्षरात, 'चोर काका नाही. चोर डायवर हाय.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'सांगतो कायले बे.' त्याखाली ग्रंथपालांच्या लाल शाईत, 'पुस्तकावर लिहू नये.' आमच्या गावात समीक्षेची सुरुवात झाली ती अशी, आणि मला वाटतं तिची पातळी पुढे खाली आली.

या सगळ्याला सर्वांत मोठी मदत सूर्याची. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे सकाळी अकरानंतर बाहेर पाय टाकणं म्हणजे घरच्यांशी भांडण काढणं. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. क्रिकेट बंद, विहीर बंद, चिंचा बंद. मग ज्याच्या घरी कूलर त्याच्या घरी पोरं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे बारीक तुषार येत आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्याचं पुस्तक फुगे. मे संपेपर्यंत वाचनालयातली निम्मी पुस्तकं दुप्पट जाडीची झालेली असत आणि त्यांना वाळ्याचा वास येई. काश्मीरच्या बर्फाच्या गोष्टी आम्ही अशा वासात वाचल्या. 'गुलमर्गचे गूढ' म्हटलं की मला अजून कूलरची मोटर ऐकू येते.

भागवतांनी आमची गाठ आणखी एकाशी घालून दिली. ज्यूल व्हर्न. हा फ्रेंच लेखक १९०५ सालीच वारला होता, पण 'चंद्रावर स्वारी' आणि 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' आम्हाला भागवतांनी सांगितल्या असल्यामुळे या दोन्ही ठिकाणी भागवत स्वतः जाऊन आले, अशी आमची खात्री. चंद्रावर तोफेतून जाता येतं हे आम्हाला मान्य होतं. शेजारच्या आजोबांनाही होतं. अमेरिकेचे लोक १९६९ साली अग्निबाणातून चंद्रावर गेल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तोफेनं स्वस्त पडलं असतं."

पाताळाचं प्रकरण जास्त नाजूक होतं. वणीकडच्या कोळसा खाणीत कामाला असलेले एक काका आमच्या गल्लीत होते. पाताळात रोज आठ तासांची पाळी करून येणारा माणूस, अंगाला पुरावाही लागलेला. आम्ही त्यांना गाठून विचारलं, "काका, खाली समुद्र हाय काय?" काकांनी गंभीरपणे विचार केला. "पाणी हाय. पंप लावून उपसा लागते." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "आन् जुने अजस्र प्राणी?" काका म्हणाले, "हाय न. मॅनेजर." व्हर्नचं संशोधन किती पक्कं होतं ते त्या दिवशी आमच्या लक्षात आलं.

व्हर्नची गोडी लागली म्हणून पुढे ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलिआस फॉगची कादंबरी शोधून वाचली. ती १८७३ सालची. त्यात फॉगसाहेब मुंबईत उतरतो, आगगाडीत बसतो, घाट चढतो, नाशिक मागे टाकतो, खानदेशातून जातो. मी श्वास रोखून वाचत होतो. आता येणार! भुसावळला रूळ फुटतात. एक फाटा अकोला, बडनेरा करत नागपूरला जातो, आणि तो फाटा १८६७ पासून तयार होता. कारण आमचा कापूस मुंबईला न्यायची इंग्रजांना घाई होती. पण साहेब दुसऱ्या फाट्याने बुऱ्हाणपूरकडे निघून गेला. आख्खी पृथ्वी पाहिली, वऱ्हाड तेवढं राहिलं. प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, शाळा यांचा अनुशेष मोजून दाखवला, पण जागतिक वाङ्मयातल्या या अनुशेषाकडे त्यांचंही लक्ष गेलं नाही.

अर्थात साहेबाने केलं ते त्याच्या दृष्टीने ठीकच. मूर्तिजापूरवरून त्याने यवतमाळची वाट धरली असती तर पुढच्या काळात त्याला आमची शकुंतला मिळाली असती. ही अरुंद रुळांची गाडी ११३ किलोमीटर अंतर अशा बेताने कापायची, की उतारू खाली उतरून, काम आटोपून पुन्हा तिच्यात चढू शकत. वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत सोडलं नाही. आता तर गाडीच बंद आहे. फॉगसाहेब दारव्ह्याच्या स्टेशनवर चहा पीत बसला असता आणि लंडनला त्याची पैज बुडाली असती.

भागवतांनंतर पोरं बिघडतात ती वयाप्रमाणे. मिसरूड फुटलं की बाबूराव अर्नाळकर. त्यांच्या रहस्यकथा हजाराच्या वर. काळा पहाड आणि झुंजार यांच्या नादाने कित्येकांची मॅट्रिक दोनदा झाली. त्यानंतर नारायण धारप. मग रात्री लघवीला एकटं जाता येत नाही म्हणून भावाला उठवणं. मग सुहास शिरवळकर, आणि त्यांच्या नायकांची बोलण्याची ढब उसनी घेऊन वणीच्या कॉलेजात खाल्लेल्या चपराकी. मग लग्न. मग काही जण थांबतात आणि काही थांबतच नाहीत.

न थांबलेल्यांचे हाल पाहायचे असतील तर मारेगावच्या चौकात आलुबोंड्याच्या गाडीपाशी या. बाकीची माणसं कागदावरचा आलुबोंडा खातात. हा माणूस आलुबोंडा सरकवून कागद वाचतो. तेल लागलेला पेपर पारदर्शक होतो आणि पुढच्या बातमीत मागची बातमी उमटते. माझ्या हाती एकदा आलेल्या तुकड्यावर, पालकमंत्र्यांच्या हस्ते पुलाचं भूमिपूजन झालं होतं आणि त्यांना गोरी, सुशील, पाच फूट तीन इंच उंचीची, घरकामाची आवड असलेली वधू पाहिजे होती. हुंडा नको, तीन कोटी मंजूर होते. मी दुसरा आलुबोंडा घेतला, पण तो वेगळ्या तारखेच्या पेपरात आला.

अशा माणसाला छापलेलं सगळं वाचावं लागतं. बियाण्याच्या थैलीवरची सूचना, खताच्या पोत्यावरचं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण, औषधाच्या डबीतली घडीघडीची चिठ्ठी, एसटीतल्या आपत्कालीन खिडकीवरचा मजकूर. लग्नपत्रिकेतही व्यवस्थापक आणि निमंत्रक यांची यादी तो शेवटपर्यंत वाचतो, काही उलगडा होतो का पाहतो. कृषी केंद्रवाल्यांचं म्हणणं असं, की कीटकनाशकाच्या डबीवरची चिठ्ठी पूर्ण वाचणारे त्यांचे गिऱ्हाईक मोजकेच, आणि ते सगळे लहानपणी फास्टर फेणे वाचलेले. शेवटच्या पानाशिवाय त्यांना चैन पडत नाही, एवढंच.

यवतमाळला २०१९ च्या जानेवारीत ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. यवतमाळकरांसाठी हे दुसरं. पहिलं १९७३ साली, तेव्हा अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. या खेपेला अरुणा ढेरे. उद्घाटनाच्या पाहुण्यांवरून आधी मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा. त्यांचं भाषण ऐकल्यावर मंडपात बाकीच्यांना शब्द जरा जड गेले. तो भाग थट्टेचा नाही.

ग्रंथदालनातला भाग मात्र थट्टेचाच. बालसाहित्याच्या गाळ्यापाशी बालकं नव्हती. तिथे साठीच्या आसपासचे, स्वेटर आणि मफलर घातलेले गृहस्थ उभे होते. प्रत्येकाच्या हातात फास्टर फेणे आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "नातवासाठी घेऊन राहिलो." विक्रेत्याने विचारलंही नव्हतं. एक जण नातवासाठी इतका तल्लीन झाला होता की त्याची बायको तीन गाळे फिरून परत आली तरी त्याचं पान उलटायचंच होतं. मीही तिथे ती पूर्वीची अर्धी राहिलेली गोष्ट शोधून काढली आणि उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. बन्या सुटला. छान सुटला. पण पंचनामा नव्हता. सायकलच्या घंटीचा तर उल्लेखच नाही. शिपायाचा तो पोट्टा आता स्वतः फौजदार आहे; त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तेच तर. असं काम केलं तर कोर्टात केस टिकत नाही."

वाचनाची गोडी लावण्याचं काम आता शासनाने हाती घेतलं आहे. १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. हेतू उत्तम. आमच्या भागातल्या एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. पोरांना मैदानात रांगेने बसवलं, प्रत्येकाला एक पुस्तक दिलं, फोटो निघाला, फोटो ग्रुपवर गेला, वरून अंगठा आला. अंगठा आल्याबरोबर पुस्तकं गोळा झाली आणि कपाटाला कुलूप बसलं. एका पोरीने चौथ्या पानावर बोट ठेवलं होतं. ते बोट काढून घ्यावं लागलं. नंतर 'वाचाल तर वाचाल' या विषयावर माझं चाळीस मिनिटं भाषण झालं. त्या चाळीस मिनिटांत ती पोरगी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तशी नजर मी बन्याच्या गोष्टीतल्या बदमाशांसाठी राखून ठेवली होती.

आमच्या घरी पुतण्या आहे, पाचवीला, सेमी इंग्लिश. जेवताना त्याला मोबाइल लागतो. त्याच्यासाठी फास्टर फेणे आणावा म्हणून पुस्तकाच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने वर न पाहता विचारलं, "कोणत्या वर्गाले हाय?" कोणत्याच नाही म्हटल्यावर त्याने वर पाहिलं. शेवटी ऑनलाइन मागवलं. पुतण्याने मुखपृष्ठ पाहून "पिक्चरमधल्यासारखा मोठा नाही वाटत," असा शेरा मारला. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघने फास्टर फेणे केला होता, तो त्याने मोबाइलवर पाहिला आहे. मग बोट ठेवून वाचायला लागला.

पहिले दोन दिवस प्रश्नच प्रश्न.

"काका, याच्यापाशी मोबाइल नाही काय?"

"नाही."

"मंग लोकेशन कसं टाकलं?"

"टाकलं नाही. म्हणून तर सगळे शोधून राहिले."

"गरीब होता काय?" मग थोड्या वेळाने, "काका, अठ्ठावन्न म्हंजे किती?"

"फिफ्टी एट."

"मंग तसं लिहा लागत होतं न."

तिसऱ्या दिवशी प्रश्न थांबले. चौथ्या दिवशी संध्याकाळी वहिनी पदराला हात पुसत ओसरीवर आल्या. सूर तक्रारीचा होता.

"भाऊजी, ते पुस्तक काय देल्लं न तुमी, पोट्टं ताटावर वाचून राहिलं, संडासात वाचून राहिलं. भाजीत काय हाय तेबी पाहत नाही. सांबार वेचून काढत होतं, आता तेबी खाऊन राहिलं."

"चांगलं आहे की मग, वहिनी."

"कायचं चांगलं? मोबाइलची बॅटरी तरी सरत होती. याची कवा सरते?"

मी म्हटलं, "सरेल आज-उद्या. पण भागवतांनी फास्टर फेणेची वीस पुस्तकं लिहिली आहेत."

"वीस!" वहिनींनी आत तोंड करून भावाला हाक मारली. "आयकलं काय जी? अजून एकोणीस हायेत म्हन्ते!"

आतून पुतण्याचा आवाज आला. "काका, एकोणीस म्हंजे किती?"

"नाइन्टीन."

"हाव?" तो म्हणाला, आणि मग वहिनींनी जेवायला तीनदा हाक मारली तरी आतून काहीच आवाज आला नाही.